परीक्षकबाईंची संतुलित चटणी

तुमच्याबद्दल लिहू का, असे एल्वा ट्रेलोअर यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही. पण मी जिवंत आहे तोवर लिही. मेल्यावर लोक उगाच चांगलं बोलतात, आणि मला ते खोडून काढता येत नाही."

म्हणून घाईने लिहितो आहे. एल्वाबाईंची तब्येत उत्तम आहे. घाई माझ्या आळसामुळे आहे.

कॅरागुल गावात माझे औषधाचे दुकान आहे. माझे नाव मुकुंद, पण गावाने पहिल्याच आठवड्यात त्याचा मॅक केला आणि विषय संपवला. औषधाच्या दुकानदाराला गावातल्या प्रत्येकाचे पोट ठाऊक असते आणि त्यातले काहीच बोलता येत नाही. माझ्यासारख्या तापट माणसाला ही शिक्षाच आहे. पुढे जे सांगतो आहे ते एल्वाबाईंच्या परवानगीने.

एल्वाबाई गावाबाहेर राहतात. गहू आणि मेंढ्या. नवरा कीथ गेल्यापासून शेत पुतण्या बघतो आणि पुतण्याकडे बाई बघतात. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून त्यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली, ती सुटलीच. बासष्टाव्या वर्षी त्यांनी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन चटण्या-लोणच्यांच्या परीक्षकाचा अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. ते प्रमाणपत्र स्वयंपाकघरात किटलीच्या वर टांगलेले आहे. वाफेने त्याची एक कड फुगली आहे, पण बाई ते हलवत नाहीत. चहा करताना दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

आमच्याकडे, जगाच्या खालच्या टोकाला, उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी गावचे प्रदर्शन भरते. मेंढ्या, घोडे, केक, विणकाम, आणि पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबलावर बरण्या. त्यात मानाची बरणी टोमॅटोच्या चटणीची. व्हिनेगर, साखर, कांदा, मोहरी आणि मिरची घालून तास न् तास रटरटवलेली. उन्हाळ्यात टोमॅटो एकदम पिकतात, त्यांचे दुसरे करणार काय? आणि ही चटणी नसेल तर इथला माणूस निखाऱ्यावरच्या सॉसेजकडे आणि थंड मटणाकडे ढुंकूनही बघणार नाही. परीक्षक गावाबाहेरचा असावा असा नियम आहे. प्रदर्शनाचे अध्यक्ष नेव्हिल स्टॅनब्रिज यांनी गावाच्या हद्दीचा खांब शोधून काढला, एल्वाबाईंचे घर त्याच्या पलीकडे आहे हे सिद्ध केले आणि त्यांना बाहेरच्या ठरवून टाकले. बाई त्या गावात जन्मल्या, तिथेच शाळेत गेल्या आणि तिथेच त्यांचे लग्न झाले, पण खांब तो खांब.

परीक्षकाला एक मदतनीस लागतो. बरण्यांची झाकणे उघडायची, स्वच्छ चमचा द्यायचा, कोरडे बिस्किट आणि पाणी पुढे करायचे, तोंड बंद ठेवायचे. त्याचा कोणी नातेवाईक बरण्यांत नसावा. गावात माझे काका-मामा कोणी नव्हते, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

बरण्यांवर फक्त नंबर असतात, नावे नसतात. तरी विन कॅसिडीची बरणी आंधळ्यानेही ओळखली असती. विनबाई आणि एल्वाबाई शाळेपासूनच्या मैत्रिणी. विनबाईंच्या परसात टोमॅटो होत, आणि त्यांच्या चटणीने कानाच्या पाळ्या गरम होत. आधीच्या परीक्षकाने तिला वर्षानुवर्षे निळे कार्ड दिले, म्हणजे पहिले बक्षीस. एल्वाबाई आल्यावर त्यांनीही दिले, आणि त्यात कोणाला मैत्री दिसली नाही, कारण ती चटणी खरोखरच पहिली होती. दर मंगळवारी एल्वाबाई गाडी काढून विनबाईंकडे जेवायला येत. थंड मटण, पाव आणि ती चटणी. दोघी विधवा झाल्या तरी मंगळवार चुकला नाही.

मग एका डिसेंबरात एल्वाबाई माझ्या दुकानात आल्या आणि दुकान रिकामे होईपर्यंत उन्हाच्या मलमांकडे बघत राहिल्या. ज्या बाईने आयुष्यात टोपीशिवाय कशाने ऊन अडवले नाही, ती मलमाच्या मागची अक्षरे वाचते आहे, तेव्हाच मी काय ते ओळखले. मग म्हणाल्या, "माझ्या एका मैत्रिणीच्या छातीत जळजळ होते. जेवली की घशापर्यंत आंबट येतं."

मैत्रिणीने डॉक्टरकडे जावे, असे मी सांगितले. मैत्रीण गेली. डॉक्टरांनी नळी घालून बघितले, काळजीचे काही निघाले नाही, आणि पथ्य समजावून घ्यायला तिला माझ्याकडे परत पाठवले. मी समजावले. टोमॅटो नको, कच्चा कांदा नको, व्हिनेगर नको, मिरची नको. चरबीची सॉसेज नकोत, कोकराबरोबर पुदिन्याचा सॉस नको, संत्री-अननस बेताने, चॉकलेट नको, थंडगार बिअर तर नकोच. एका वेळी थोडे खा. कमरेला घट्ट बांधू नका. जेवून लगेच वाकून झाडांना पाणी घालू नका. पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करा. आणि जेवल्यावर तीन तास आडवे व्हायचे नाही.

एल्वाबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तू उन्हाळाच बंद केलास की रे."

त्यांनी ते पथ्य कोणी पाळत नाही तसे पाळले. विटा आणल्या. संध्याकाळी पाचला जेवू लागल्या. बोलिंग क्लबच्या बार्बेक्यूला प्रत्येक जण काही तरी पदार्थ घेऊन येतो. एल्वाबाई डब्यात उकडलेला बटाटा आणि फिक्की कोंबडी आणत आणि गाडीत बसून खात. मग आत येऊन, मी घरून जेवूनच आले, असे सांगत. कोणी काही विचारले नाही. इथे एखाद्याचा पाय तुटला तरी तो 'ठीक आहे' म्हणतो, आणि ऐकणाराही 'छान' म्हणून पुढे जातो. या सवयीचा मला फार राग येतो. माझे अर्धे गिऱ्हाईक तिच्यामुळे उशिरा येते.

आणि मंगळवार बंद झाले. आधी गाडीचा क्लच गेला. मग कुंपण मोडले. मग ऊन फार होते. मैत्रिणीच्या घरी जाऊन तिची चटणी नको म्हणणे एल्वाबाईंना जमण्यासारखे नव्हते. आणि जळजळ होते म्हणून सांगावे, तर चटण्यांची परीक्षक कशी राहणार? किटलीवरच्या प्रमाणपत्राचे काय? तेव्हा क्लच दुरुस्त झाला की पंप बिघडे.

"परीक्षकबाई झाल्यापासून नाकानं कांदे सोलते," असे विनबाई क्लबात म्हणाल्याचे माझ्या कानावर आले. त्या फेब्रुवारीच्या प्रदर्शनात जे झाले, त्याने त्यांची खात्रीच पटली.

एक सांगतो, एल्वाबाईंनी लबाडी केली नाही. मी शेजारी उभा होतो. नेहमीसारखा अर्धा चमचा, नेहमीसारखे डोळे मिटून. पण जी चटणी छातीत उतरताना पेटे, ती त्यांना मनापासून 'जरा जास्त' वाटे. निळे कार्ड बँकेतल्या अधिकाऱ्याच्या बायकोला गेले. ती मिरची घालायची विसरून गेली होती. कार्डावर एल्वाबाईंनी शेरा लिहिला: 'संतुलित.' विनबाईंना दुसरे, आणि शेरा: 'तिखटपणा थोडा कमी हवा.' विनबाईंनी तो शेरा वाचला. हातातला टॉवेल घडी करून पिशवीत घातला आणि निघून गेल्या. इथे याहून मोठे भांडण होत नाही.

पुढच्या वर्षी त्या तिसऱ्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी कुठेच नाहीत.

गाव मात्र शहाणे असते. परीक्षकबाईंना काय आवडते हे बायकांनी हेरले. कोणी मिरची काढली, कोणी व्हिनेगर निम्म्यावर आणले, कोणी कांदा रात्रभर पाण्यात भिजवून त्याचा जीव घेतला. सहा वर्षांत कॅरागुलची चटणी लहान मुलांच्या जॅमसारखी झाली. बार्बेक्यूला पुरुष मंडळी सॉसेजवर ती वाढून घेत, चावत, थांबत, आणि आपले काय हरवले हे न कळून पुन्हा वाढून घेत. गावाची छाती थंड पडली. उन्हाळ्यात जळजळीच्या गोळ्यांवर माझे दुकान चालायचे. ते इतके बसले की गोळ्या पुरवणाऱ्या माणसाने फोन करून माझी तब्येत विचारली.

मी एल्वाबाईंना एकदा सुचवून बघितले, की चटण्या सोडा आणि केक तपासा. "केकमध्ये काय कळायचं आहे?" त्या म्हणाल्या. "फुगला का, एवढंच. आणि माझं प्रमाणपत्र चटणीचं आहे." मी म्हटले, तुमच्या जिभेचा निकाल तुमची छाती देते आहे. त्यांनी गोळ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या की मला जे लागतं ते मी लिहिते.

गेल्या जानेवारीत विनबाई दुकानात आल्या. बोट कापले होते, पट्टी हवी होती. पट्टी घेतली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मॅक, तुला माहितीये तिचं काय बिनसलंय माझ्याशी."

मला माहीत होते. सांगता येत नव्हते. मी पट्टी ओली करू नका, असे सांगितले.

"तोंडावर म्हणाली असती, विन, तुला रांधता येत नाही, तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पण ही येतच नाही. मंगळवारी मी अजून दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते." मग पिशवी काखेत मारून म्हणाल्या, "यंदा बघ. तिला हवं तेच देते."

प्रदर्शनाच्या दिवशी शेडमध्ये पत्रा इतका तापला होता की पंखा नुसताच गरम हवा इकडची तिकडे करत होता. दारे बाराला उघडतात, परीक्षण सकाळी. एल्वाबाईंनी छातीवर परीक्षकाचा बिल्ला लावला होता आणि पर्समध्ये माझ्या गोळ्या. एकेक बरणी झाली. सगळ्यांवर त्या पसंतीची मान डोलवत होत्या. मग एक बुटकी, खांदे पाडलेली जुनी कॉफीची बरणी आली. मी झाकण काढले. आम्ही दोघांनीही ती ओळखली आणि दोघांनीही तसे दाखवले नाही.

एल्वाबाईंनी अर्धा चमचा खाल्ला. थांबल्या. सवयीने एक हात छातीवर ठेवून वाट बघत राहिल्या. काहीच झाले नाही. नियम एका चमच्याचा आहे, पण त्यांनी माझ्याकडे हात केला. मी दुसरा चमचा दिला. मग तिसरा.

"यात काहीच नाही, मॅक."

"संतुलित आहे," मी म्हणालो. सहा वर्षे तोंड बंद ठेवले होते, तेवढे सुटले.

त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. रंग सुंदर होता, फोडी सारख्या होत्या, काच लखलखीत पुसलेली होती. सगळे जिथल्या तिथे होते, फक्त विनबाई त्यात नव्हत्या.

"ही तिनं माझ्यासाठी केली," त्या म्हणाल्या आणि एक क्रेट उलटा करून त्यावर बसल्या.

त्यांच्यापुढे काय होते ते मला दिसत होते आणि त्यांनाही. निळे कार्ड हातातच होते. त्यावर नेहमीचा एक शब्द लिहायचा की विनबाई बारा वाजता चहाच्या टेबलापाशी हसत उभ्या राहणार. सहा वर्षांचा अबोला त्या एका शब्दाने मिटला असता, आणि खोटेही ठरले नसते. बाईंच्या मोजमापाने ती चटणी खरोखर पहिली होती. मला मनातून वाटत होते, की लिहून टाका एकदाचे.

त्या उठल्या आणि पहिल्या बरणीपासून सगळ्या चटण्या पुन्हा चाखल्या. मी मुकाट चमचे दिले. टेबलाच्या शेवटी आल्यावर म्हणाल्या, "सगळ्या नेभळट. आणि सगळ्यांची आई मी." मग निळे कार्ड घेऊन त्यावर लिहिले, 'पहिले बक्षीस दिलेले नाही,' आणि कोणत्याच बरणीला न टेकवता टेबलाच्या मधोमध उभे केले. परीक्षकाला तसा हक्क आहे. वापरलेला कोणी बघितलेला नव्हता.

नेव्हिल धावत आले. "अगं एल्वा, उंदरांचा सुळसुळाट झाला त्या वर्षीसुद्धा पहिलं दिलं होतं. त्या वर्षी झाकणं कुरतडलेली होती, तरी दिलं होतं."

एल्वाबाई म्हणाल्या, की उंदरांच्या वर्षीची चटणी चांगली होती.

दारे उघडली आणि ही बातमी केकच्या टेबलापर्यंत गेली. माणसे चटण्यांभोवती गोळा झाली. विनबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी आपली बरणी बघितली, तिच्याजवळ काहीच नव्हते. मग मधले कार्ड वाचले. मग एल्वाबाईंकडे वळल्या. सहा वर्षांत दोघी इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

"तुला हवी तशीच केली ना? आता काय राहिलं त्यात?"

"माझ्या छातीत जळजळ होते, विन," एल्वाबाई म्हणाल्या. आवाज मुद्दाम मोठा होता, मागच्यांनाही ऐकू जाईल असा. "सहा वर्षं झाली. टोमॅटो चालत नाही, मिरची चालत नाही. तुझी चटणी मला सोसत नाही. म्हणून मी मंगळवारी येत नाही."

विनबाईंनी विचारले, "आणि क्लच?"

"क्लच ठीक आहे."

"नुसती जळजळ?"

"नुसती जळजळ."

"मला वाटलं, मीच सोसत नाही तुला," विनबाई म्हणाल्या.

मला मागे वळून बिस्किटांचा पुडा नीट करावासा वाटला, आणि तो मी बराच वेळ करत राहिलो. आता हे सांगायला हरकत नाही, की मला रडू येत होते.

नेव्हिलना मात्र एकच शंका होती. छातीत जळजळ असलेल्या परीक्षकाचे आधीचे निकाल धरायचे की नाही? एल्वाबाईंनी बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. "धर किंवा नको धरू. पुढच्या वर्षी दुसरी जीभ शोध." बिल्ल्याची टाचणी काढायला त्यांना जरा वेळ लागला. बारा वर्षे त्या ती त्याच ड्रेसवर एकाच जागी टोचत आल्या होत्या, आणि ड्रेसला तिथे भोक पडले होते.

विनबाई एवढेच म्हणाल्या, "मूर्ख बाई. चल घरी." आणि दोघी गेल्या. बरणी कोणीच नेली नाही. शेवटी ती मी घेऊन आलो. अजून फ्रिजमध्ये आहे, कोणी खात नाही.

पुढचे मला कळले ते सोमवारी सकाळी. दुकान भरलेले होते. एल्वाबाई आत आल्या आणि मलमांकडे बघितलेही नाही. सरळ काउंटरपाशी येऊन सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "जळजळीचं औषध दे, मॅक. मोठी बाटली."

मी विचारले, काय खाल्ले? विनबाईंनी प्रदर्शनासाठी यंदा फिक्की चटणी केली होती, पण स्वतःसाठी दर वर्षीसारखे एक पातेले जुन्याच पद्धतीने शिजवून फडताळात मागे लपवून ठेवले होते, असे निघाले. शनिवारी दुपारी त्यांनी एल्वाबाईंपुढे उकडलेला बटाटा ठेवला होता. एल्वाबाईंनी फडताळ उघडले. विनबाई बरणी सोडेनात. मॅक मला बोल लावेल, म्हणाल्या. एल्वाबाईंनी बरणी ओढून घेतली, पावावर जाड थर दिला आणि मटणाबरोबर खाल्ला. कशी होती, असे मी विचारले. "पहिल्या नंबरची," त्या म्हणाल्या.

माझे डोके फिरले. मी बाटली काउंटरवर आपटली आणि गिऱ्हाइकांसमोर सगळे पथ्य पहिल्यापासून म्हणून दाखवले. टोमॅटो नको म्हटले होते. व्हिनेगर नको म्हटले होते. सहा वर्षे विटांवर झोपून एका दुपारी सगळे घालवायचे, याला काय म्हणावे? निदान जेवून आडव्या तर झाला नाहीत ना, असे विचारले.

"छे," एल्वाबाई म्हणाल्या. "तू सांगितलंस तसंच केलं. विनच्या मागच्या व्हरांड्यात दोन ताठ खुर्च्या टाकल्या आणि तीन तास बसून राहिलो. ती पण बसली माझ्याबरोबर. बोलत होतो."

मग त्यांनी बाटली पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद ओढला.

"तीन तास पुरले नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून आणखी एक चमचा खाल्ला."